मास्तरांची दुप्पट वाट

मास्तरांच्या खोलीत भाडेकरू टिकत नाहीत, हे मला खोली बघायच्या आधीच कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं सांगितलं होतं.

"माणूस लई चांगला हाय टीचर. पन खोलीत कोन ऱ्हात न्हाय. वरीस-दोन वरीस झालं की चालले."

"का? ढेकूण हाईत?"

"ढेकूण न्हाईत," तो पाव बांधता बांधता म्हणाला. "मास्तर हाईत."

मी तरीही गेले, कारण मला दुसरीकडं जायला जागा नव्हती. बेळगावच्या कॅम्पात, लष्कराच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे. तिथं एक कौलारू घर, पुढं पडवी, पडवीत पायाचं शिलाई मशीन आणि मशीनमागं सत्तरीचा किडकिडीत माणूस खाकी पँट शिवत बसलेला. मी फाटक ढकललं, ते करकरलं आणि मशीन तिथल्या तिथं थांबलं. चाकावर हात दाबून धरून, मान वर करून ते माझ्याकडं बघत राहिले.

पुढं तीन वर्षं मी हे रोज बघितलं. फाटक वाजलं की मशीन बंद. माणूस आला तरी, मांजर आलं तरी, नुसतं वारं आलं तरी. एकदा मी म्हटलंसुद्धा, मास्तर, त्या फाटकाला जरा तेल घाला, तुमचा दिवसाचा तासभर वाचेल. "नको," म्हणाले, "वाजू दे त्याला."

तर त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"कंग्राळीची."

"कंग्राळी तर ही इथं. हितं खोकलं तर तिथं ऐकू जाईल. मग खोली कशाला?"

"रोज जायला-यायला लांब पडतं."

त्यांनी चष्म्यावरून मला एकदा नीट बघितलं. "व्हय," म्हणाले, "काय काय घरं लई लांब पडत्यात." आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "फक्त एक सांगून ठेवतो बाई. ही खोली कायमची कुणाला मिळत न्हाय."

"मग किती दिवस मिळंल?"

"ते तुमच्यावर हाय."

शिंप्याला मास्तर म्हणायची आपली पद्धत, आणि मी शाळेतली टीचर. एका घरात दोन मास्तर झाले, असं गल्लीतले लोक हसत म्हणायचे. त्यातले मोठे मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही कुठं फाटक करकरलं की माझा हात जागच्या जागी थांबतो.

मी घर का सोडलं ते इथंच सांगून टाकते, कारण त्याशिवाय मास्तर मला का खुपले आणि का आवडले हे कळायचं नाही. आमचं घर शेतकरी, मराठी. थोरला भाऊ सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढं. वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. मी कन्नडची परीक्षा देऊन सरकारी कन्नड शाळेत नोकरी मिळवली तेव्हा दादा काही बोलला नाही. फक्त त्यानं पेढे वाटले नाहीत. पहिल्याच वर्षी एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, मी मुलांची रांग घेऊन लाल-पिवळा झेंडा धरून चालले होते, आणि समोरून काळ्या दिवसाची फेरी आली. त्यात दादा, दंडाला काळी पट्टी बांधून. रस्ता अरुंद होता. आम्ही एकमेकांना हातभर अंतरावरून बघितलं. घरी गेल्यावर तो म्हणाला, "उद्यापासनं ह्या घराची पायरी चढू नको." मीही त्याचीच बहीण. सकाळी ट्रंक भरली.

महिनाभरानं शनिवारची पिशवी सुरू झाली. शनिवारी सकाळची शाळा असते. मी पोचायच्या आत शाळेच्या फाटकाच्या गजाला एक पिशवी लटकलेली असायची. खताच्या पोत्याची, वहिनीच्या हातची. आत कोबी, वांगी, हंगामाप्रमाणं जे असेल ते. निरोप नाही, काही नाही. मी ती न उघडता मुलांचं दुपारचं जेवण रांधणाऱ्या आक्काच्या हवाली करायचे. कोबी देऊन मिटवतोय होय, असं माझ्या डोक्यात असायचं.

मास्तर ख्रिस्ती. त्यांचे वडील लष्कराच्या मेसमध्ये खानसामा होते, आणि मास्तरांचा सगळा जन्म जवानांचे गणवेश आखूड-लांब करण्यात गेला. येशूनं सांगितलेलं ते गिऱ्हाइकाचं माप घेतल्यासारखं घ्यायचे. छत्तीस म्हणजे छत्तीस, त्यात ढिलं सोडायचं नाही. तुमचं हो ते हो असावं, असं त्यानं सांगितलंय ना? मग मास्तर कपडा घेतानाच सांगायचे, "मंगळवारी साडेचार." शिंपी उद्या म्हणतो तेव्हा उद्या काही होणार नाही हे त्यालाही माहीत असतं आणि गिऱ्हाइकालाही. त्यामुळं नवीन जवान आपले निवांत गुरुवारी यायचे. तोवर मास्तर मंगळवारी साडेपाचला पँट कागदात गुंडाळून बराकीच्या गेटवर स्वतः देऊन आलेले असायचे.

दोन अंगरखे असतील तर एक द्यावा, असंही त्यानं सांगितलंय. मास्तरांनी त्यातही हिशेब पक्का ठेवला होता. एक सदरा अंगात, एक दोरीवर. कुणी तिसरा दिला तर तो त्या दिवशीच घराबाहेर. शिंप्याच्या घरात कपड्यांची अशी टंचाई मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. कुणाला काही देताना ते डावा हात खिशात घालायचे, कारण उजव्याचं डाव्याला कळता कामा नये. "मास्तर, हाताला कुठं डोळे असतात?" मी एकदा चिडवलं. "हाताला नसतील," म्हणाले, "मला हाईत न्हवं?"

पण सगळ्यात अवघड प्रकार वाटेचा. कुणी आपल्याला मैलभर चालायला लावलं तर दोन मैल चालावं, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की त्यांना पत्ता विचारणं धोक्याचं होतं. केरळचा एक पोरसवदा जवान सुट्टीवर निघालेला, त्यानं स्टेशन कुठं म्हणून विचारलं. मास्तर उठले, त्याची ट्रंक आपल्या खांद्यावर घेतली आणि त्याला स्टेशनला घेऊन गेले. तिथं तो आभार मानतोय, तर मास्तर ट्रंक घेऊन पुढंच चालले. "अंकल, स्टेशन! स्टेशन!" तो बिचारा मागून ओरडतोय. "अर्धं अजून बाकी हाय," मास्तर म्हणाले. ट्रंक म्हाताऱ्याच्या खांद्यावर, त्यामुळं त्यालाही मागनं जावंच लागलं. गाडी उशिरा होती म्हणून बरं. पण तो जवान पुढं प्रत्येक सुट्टीवरून येताना केळ्याचे वेफर्स घेऊन यायचा आणि मास्तरांच्या पायाशी पडवीत तास-तास बसायचा. काय बोलायचे कोण जाणे. एकाला मल्याळम येत नव्हतं आणि दुसऱ्याला मराठी.

असे पुष्कळ जण येऊन बसत. जवानांच्या बायका, बाजारातले हमाल, आमच्या शाळेतले लोक. मास्तर कुणाला उपदेश करत नसत. खरं सांगायचं तर त्यांना तो येतच नव्हता. पण त्यांच्याजवळ बसलं की आपणही थोडं बरं वागावं असं वाटायचं. आमच्या शाळेतला एक तरुण सर त्यांना बघून इतका भारावला की एक दिवस म्हणाला, "मास्तर, मला बी तुमच्या येशूच्या वाटेनं यायचंय. काय करू?"

मास्तरांनी दाताखाली दोरा तोडला. "घरात कुणाशी बोलणं बंद हाय?"

"वडलांशी. चार वर्सं झाली."

"मग आधी तिकडं जाऊन या."

तो गेला आणि परत आला नाही. गावाकडं बदली करून घेतली म्हणे. चर्चचे पाळकसाहेब नाराज झाले. "मास्तर, माणूस आपल्या दारापर्यंत आला होता."

"दार चुकला होता साहेब," मास्तर म्हणाले.

एवढं सगळं असून हा माणूस स्वतः चर्चमध्ये पाऊल टाकत नव्हता. दर रविवारी धुतलेला सदरा घालून वेळेवर जायचा आणि बाहेरच्या पायरीवर बसायचा. आत गाणी झाली की पायरीवरून गायचा, प्रार्थना झाली की डोळे मिटायचा, आणि आत प्रभुभोजनाची भाकर वाटायला लागले की उठून घरी यायचा. मी दोन-तीन रविवार बघितलं आणि विचारलं.

मास्तरांनी काही लपवलं नाही. त्यांना एक धाकटी बहीण होती. आईवडलांमागं यांनीच तिला वाढवलेली. ती निपाणीला टायपिस्ट म्हणून नोकरीला लागली आणि तिथल्याच एका जैन घरातल्या मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. त्या वेळी मास्तर चर्चचे पंच, पुढच्या बाकावर बसणारे. लग्नानंतर आठ दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन, पेढ्याचा पुडा घेऊन आली. मास्तर पडवीत शिवत होते. तिला फाटकात बघून ते उठले, मशीन आत ओढून घेतलं आणि दार लावलं.

"ती दार वाजवत होती," मास्तर म्हणाले. "मी मशीन जोरात चालवत होतो. ऐकू यायला नको म्हणून."

पंचवीस वर्षं हे असंच गेलं. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी येशूचं ते सांगणं वाचलं, की तू देवापुढं दान घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मास्तरांनी ते शंभरदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी दानाचं ताट फिरवायचं काम त्यांच्याकडंच होतं. ताट हातात होतं. ते त्यांनी होतं तिथं खाली ठेवलं आणि चालू लागले. लोक नोटा काढून बसलेले. तेव्हापासून पायरी. बहिणीनं दार उघडेपर्यंत आपल्याला आत जाता येत नाही, असा सरळ हिशेब.

"त्यात एक गंमत हाय बाई," मास्तर सुई ओवता ओवता म्हणाले. "चूक कुणाची, ते त्यानं सांगितलेलंच न्हाय. मी लई वेळा बघितलं. नुसतं जा म्हणतोय."

मला गंमत वाटली नाही. माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी ज्यांच्या हातचा चहा पीत होते, तेही दार लावणाऱ्यांपैकीच निघाले. मी म्हटलं, "चूक तुमची हाय मास्तर. सांगितलेलं असू दे, नसू दे." त्यांनी मान डोलावली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज सकाळी माझ्या दाराशी पाण्याची कळशी भरून ठेवत आणि हाक न मारता जात.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मास्तर निपाणीला जायचे. पिशवीत दोन किलो रताळी. लहानपणी वडील मेसच्या चुलीच्या राखेत रताळी भाजायचे आणि ही दोघं भावंडं फुंकर मारून खायची. बहिणीचा त्याच्यावर फार जीव. म्हणून रताळी. निपाणीच्या घरी सून दार उघडायची, "अत्ती सामायिकाला बसल्यात," म्हणायची, पिशवी घ्यायची. अत्ती म्हणजे सासू, मास्तरांची बहीण; आणि सामायिक म्हणजे जैनांचं ध्यान. मग मास्तर समोरच्या बंद वखारीच्या कट्ट्यावर तासभर बसायचे आणि चारच्या गाडीनं परत. पंधरा वर्षं, न चुकता. जाण्याआधी त्यातली दोन-चार रताळी उकडून माझ्या डब्यात घालायचे.

ती रताळी एका बुधवारी मी शाळेत खात होते. शेजारी आमच्या शाळेतल्याच चिकोडीकडच्या एक बाई, घर कडक जैन. मी डबा पुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला. "आमच्यात जमिनीखालचं काय चालत न्हाय. कांदा न्हाय, बटाटा न्हाय, रताळं न्हाय."

माझा घास तोंडातच राहिला. जन्म या भागात गेला, जैन मैत्रिणींच्या लग्नात जेवले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या तर नाहीच नाही.

ते निपाणीहून परत आल्यावर मी सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला.

"म्हणजे ती सुनंसमोर, घरच्यांसमोर..." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "एकदा दार लावलं. आणि त्यावर पंधरा वर्सं तिच्या घरात नको ते नेऊन ठेवलं."

त्या आठवड्यात एका हवालदाराची पँट दोन दिवस उशिरा झाली. हवालदार ओरडायला नाही, मास्तर आजारी आहेत का बघायला आला होता.

दसऱ्याच्या सुट्टीतला बुधवार आला तेव्हा मास्तर मला म्हणाले, "बाई, येता काय माझ्याबरोबर? तुम्ही बाईमाणूस. आत जाऊन तेवढं सांगा, मी हिणवायला आणत न्हवतो म्हणून." खरं तर मी बहिणीच्या बाजूची होते. पण गाडीत ते माझ्याशेजारी बसले आणि रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. कधी मांडीवर, कधी पुढच्या दांडीवर. मला राहवलं नाही, मी माझी पर्स त्यांच्याकडं धरायला दिली.

निपाणीत सुनंनं दार उघडलं आणि आधी मास्तरांच्या हाताकडं बघितलं. "आज पिशवी न्हाय?"

मास्तर सवयीनं कट्ट्याकडं वळलेसुद्धा. मी दारातच बोलायला लागले, की यांना ठाऊक नव्हतं, तुमच्यात चालत नाही हे आत्ता कळलं, मनात तसलं काही नव्हतं, माफी मागायला आलेत. माझं बोलणं संपेना, कारण संपल्यावर काय होईल याची मला भीती वाटत होती. तेवढ्यात आतून आवाज आला.

"त्याला म्हणावं, परसात ये."

आम्ही बोळातून मागं गेलो. परसात पाय ठेवायला जागा नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रताळ्याचे वेल. आडाच्या कट्ट्यावर चढलेले, धुण्याच्या दगडाला वेढलेले, पानांवर पानं. मधल्या चिंचोळ्या वाटेवर पांढऱ्या साडीतली, मास्तरांसारखीच किडकिडीत बाई उभी होती.

"बघ," ती म्हणाली. "पंधरा वर्सांचं हाय."

मास्तर बघत राहिले.

"पहिल्यांदा वाटलं, हिणवायला आणलीस. जैनाच्या घरात रताळी! म्हटलं, अजून ह्याचा राग गेला न्हाय. मग वाटलं, ह्याला काय म्हाईत असणार. हा अजून मेसच्या चुलीपाशीच बसलाय."

"खाल्ली न्हाईस?"

"न्हाय. ह्या घरात आले, ह्यांचं पाळते. पन टाकून बी देववली न्हाईत. मातीत घातली. वर आली ती आली. खाली कधी उकरलं न्हाय."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण तिचं झालं नव्हतं.

"अण्णा, दर महिन्याला येतोस. पिशवी सुनंच्या हातात देतोस आणि समोर जाऊन बसतोस. तुझं तोंड कुठं असतं रं? मी आत बसून वाट बघते, आज तरी स्वतः दार वाजवंल, आज तरी हाक मारंल. दार तू लावलंतंस. मी कशापायी उघडू?" तिचा आवाज चिरकला. "मशीन किती जोरात चालवलंस त्या दिवशी!"

"ऐकू येऊ नये म्हणून," मास्तर म्हणाले.

"आलं न्हाय न्हवं?"

"सगळं आलं. सात वेळा वाजवलंस."

येशूचा शब्द न शब्द टेप लावून मोजणारा हा माणूस. दोन सदरे, दोन मैल, डावा हात खिशात. पण जा आणि समेट कर म्हटलं तर गेला आणि नुसता बसला. पंधरा वर्षं त्याला दोन शब्द सापडले नव्हते. ते आता मास्तर वेलांत उभे राहून, माझी पर्स छातीशी धरून म्हणाले.

"चुकलं माझं, बाळ."

ती पुढं आली. त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लटकत होती, ती तिनं बोटांनी चाचपली. "शिंप्याच्या अंगावर बघा," म्हणाली आणि रडायला लागली. मग पदरानं तोंड पुसून एकदम घाईला लागली. "चला, उन्हं उतरायच्या आत जेवून घ्या. आमच्यात दिवेलागणीनंतर जेवत न्हाईत."

निघताना तिनं वेलाच्या चार-पाच कांड्या तोडून ओल्या फडक्यात बांधून दिल्या. गाडीत ते फडकं धरून मास्तरांचे हात आता जागेवर होते.

पुढच्या रविवारी मास्तर पायरीवर थांबले नाहीत. मी थांबले. दारातून मला दिसलं, पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढं धरला आणि त्यांनी तो घेतला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं मास्तर?"

"बाक लई कडक हाय," म्हणाले. "पायरीच बरी होती." पण घरी येईपर्यंत ते गात होते.

पाळकसाहेबांनी मला एकदा विचारलं होतं, बाई, तुम्ही पायरीपर्यंत येता, आत का येत नाही? मी म्हटलं, साहेब, मला मास्तरांपर्यंतचंच कळतं. आजही तेवढंच कळतं. मी देवघरातला दिवा अजून लावते. पण लोक कशाला बघून येशूच्या मागं जात असतील, हे मला कुणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

मास्तरांनी मला माझ्या घराबद्दल तीन वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही. निपाणीच्या कांड्या त्यांनी अंगणात लावल्या आणि दोन कांड्या एका डब्यात घालून माझ्या दारात ठेवल्या. "जीव धरला की घेऊन जावा."

"कुठं?"

"जिथं माती हाय तिथं. इथं फरशी हाय."

राज्योत्सव चार दिवसांवर आला होता. त्या शनिवारी मी शाळेत तासभर आधी गेले आणि फाटकाच्या आत उभी राहिले. दादा मोपेडवरून आला, पिशवी गजाला अडकवायला हात उचलला आणि मला बघून तसाच थांबला. केस बरेच पिकले होते त्याचे. निपाणीच्या बाईंचं वाक्य मी पाठ करून आले होते, तुझं तोंड कुठं असतं रं म्हणून. पण चूक कुणाची ते सांगितलेलंच नाही, हे मास्तरांचं सुई ओवता ओवता बोललेलं मधे आलं.

"दादा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं?" तो जवळजवळ खेकसलाच.

"म्हाईत न्हाय."

तो पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. "हे मी म्हणायचं होतं," शेवटी म्हणाला. "दर शनिवारी ठरवून येतोय. इथनं फाटकावरची ती कन्नड पाटी दिसली की राग येतोय आणि परत जातोय." मग खाली बघूनच म्हणाला, "वैनी विचारत होती, कधी येणार."

मी पिशवी त्याच्या हातातून घेतली.

घरी येऊन मी फाटक उघडलं, मशीन थांबलं. मास्तरांनी पिशवी बघितली, माझं तोंड बघितलं, आणि मशीनमागून 'खोली भाड्याने देणे आहे' असा पुठ्ठा काढून फडक्यानं पुसला. "कधी रिकामी करताय?"

त्या एक तारखेलाही दादानं काळी पट्टी बांधली आणि मी झेंडा धरला. समोरासमोर आलो तेव्हा तो माझ्या मुलांच्या रांगेला वाट द्यायला बाजूला सरकला.

रविवारी मास्तर मला पोचवायला बसनं आले. कंग्राळीच्या स्टॉपवर उतरलो आणि मी तिथंच उभी राहिले. "मास्तर," मी म्हटलं, "तेवढं घरापर्यंत चला. मला एकटीला ती पायरी चढवत न्हाय." मी कुणाला काय सांगतेय हे त्या क्षणी मी साफ विसरले होते. मास्तरांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली. मी वेलाचा डबा धरून मागं.

घर आलं. दारात वहिनी भाकरतुकडा घेऊन उभी, तिच्यामागं दादा. मी थांबले. मास्तर ट्रंक घेऊन सरळ पुढं चालले.

"मास्तर! घर आलं की!"

"अर्धं अजून बाकी हाय," मागं न बघता म्हणाले.

वहिनीच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला. दादा माझ्याकडं, त्यांच्याकडं, परत माझ्याकडं बघायला लागला. "हे कोण? ट्रंक घेऊन कुठं निघाल्यात?"

"ते थांबायचे न्हाईत दादा. ते दुप्पट चालतात."

"कशापायी?"

मी सांगायला तोंड उघडलं. येशू, मैल, ते सगळं. पण दादानं ऐकून घेतलं नाही. तो पायरी उतरला, अनवाणीच पळत गेला आणि मास्तरांच्या खांद्यावरची ट्रंक काढून आपल्या खांद्यावर घेतली. मला वाटलं, आता घेऊन माघारी येईल. तो आला नाही. मास्तरांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं, तोही पुढं चालत राहिला.

दोघं वळणापलीकडं दिसेनासे झाले. मी पायरी चढले, डबा शेजारी ठेवला आणि त्यांची वाट बघत तिथंच बसले.